मागच्या अंगणातल्या झाडाची साल सोलपटून लोंबतेय, कापू का ठेवू? (ओहायो)

ओवी_कोलंबस

नमस्कार मंडळी, झाडांतलं फार कळत नाही म्हणून इथे विचारतेय, जरा मोठं झालंय लिहून, सांभाळून घ्या.

मे महिन्यात आम्ही कोलंबसच्या उत्तरेला घर घेतलं, मागे बऱ्यापैकी जागा आहे आणि कुंपणाला लागून एक उंचच उंच झाड आहे. घेर मोजला तर ६ फूट ४ इंच भरला, उंची माहीत नाही पण दुमजली घराच्या दुप्पट तरी सहज असेल. प्रॉब्लेम असा की या झाडाची साल नीट चिकटलेलीच नाहीये. हातभर लांबीच्या पट्ट्या आहेत, मध्ये कुठेतरी खोडाला धरून आणि वर-खाली दोन्ही टोकं बाहेर वळलेली, जुन्या वाड्याच्या भिंतीला पोपडे येतात ना तसं, फक्त हे पोपडे लाकडाचे आणि जाडजूड. आम्हाला वाटलं कीड लागली. झाडं कापणारा एकजण बोलावला, त्याने लांबूनच बघून मान हलवली, म्हणाला आजारी आहे, पडेल कधीतरी शेडवर, आणि साडेतीन हजार डॉलर सांगितले. नवरा म्हणतो कापून टाकू, एकदाची कटकट जाईल.

आता सप्टेंबर लागल्यापासून त्यातनं फळं पडतायत. रात्री शेडच्या पत्र्यावर ठण्ण करून आवाज येतो, पहिल्या दिवशी तर मी उठून बसले. लिंबापेक्षा थोडं मोठं हिरवं फळ, त्यावर चार उभ्या रेघा, पडलं की त्याच रेघांवर चार फाका होऊन उघडतं आणि आत पांढरट, थोडं चपटं, कंगोरे असलेलं कठीण बी. सध्या सासूबाई कराडहून आल्यात, त्यांनी गॅरेजमधली हातोडी घेऊन एक फोडलं आणि मी नको नको म्हणेपर्यंत तोंडात टाकलंसुद्धा. म्हणतात अक्रोडासारखंच आहे पण कडसर नाही, उलट गोडूस लागतंय. त्यांना काही झालं नाही अजून, पण मला टेन्शन आलंय.

तर प्रश्न तीन. हे झाड कुठलं, खरंच आजारी आहे का, आणि हे खायचं का?

रानवाटा_मिशिगन

ओवीताई, आधी त्या कापणाऱ्याला फोन करून नको म्हणून सांगा, मग बाकीचं वाचा :)

तुम्ही केलेल्या वर्णनावरून ही शॅगबार्क हिकरी वाटते, शास्त्रीय नाव कॅरिया ओवाटा. तुमच्या नावाशी जुळतंय बघा, ओवाटा म्हणजे अंड्याच्या आकाराचं. इकडचंच मूळ झाड आहे, अमेरिकेचा पूर्वेकडचा अर्धा भाग आणि वर कॅनडातलं दक्षिण ओंटारिओ, क्युबेक एवढ्या पट्ट्यात जंगलात आपोआप येतं. सालीचं म्हणाल तर तो आजार नाही, तो त्याचा स्वभाव आहे. शॅग म्हणजे झिपऱ्या. लहानपणी याची साल चांगली गुळगुळीत राखाडी असते, वय वाढलं की तडकते आणि अशा पट्ट्या सुटायला लागतात. म्हणजे तुमचं झाड पोक्त झालंय एवढंच. जो माणूस ओहायोत झाडं कापायचा धंदा करतो आणि ही साल बघून आजारी म्हणतो त्याला एकतर झाड कळत नाही किंवा धंदा फार चांगला कळतो.

पण फोटो नाही त्यामुळे खात्री करून घ्या. पान बघा. एका देठावर समोरासमोर पानोळ्या आणि टोकाला एक, गुलाबाचं पान असतं तसंच, फक्त राक्षसी साइजचं. पाच असतील आणि टोकाकडच्या तीन बाकीच्या दोनपेक्षा ठळक मोठ्या असतील तर शॅगबार्क. सात असतील आणि फळ अजून मोठं असेल तर ती शेलबार्क हिकरी, तिचीही साल अशीच सुटते पण ती ओढ्यानाल्याच्या काठी, पाणथळ जमिनीत जास्त. तिला किंगनट पण म्हणतात. दोन्ही खायला उत्तम, त्यामुळे चुकलं तरी बिघडत नाही.

इकडे हिकरीच्या बऱ्याच जाती आहेत आणि सगळ्या गोड नाहीत. बिटरनट नावाची एक आहे, तिच्या कळ्या हिवाळ्यात गंधकासारख्या पिवळ्याजर्द दिसतात, बी इतकं कडू की खारीसुद्धा दुसरं काही मिळेपर्यंत बघत नाहीत. मॉकरनट म्हणजे चेष्टा करणारी, कवच एवढं जाड की फोडफोड फोडल्यावर आत गर नखाएवढा. पिगनट डुकरांना घालायचे म्हणून पिगनट. आणि आपण दुकानातून आणतो तो पेकान पण हिकरीच बरं का, कॅरियाच. सगळं कुटुंब अक्रोडाचं. सासूबाईंची जीभ बरोबर आहे.

पान बघून सांगा.

जिरेमिरे

हिकरी म्हणजे ते चिप्सच्या पाकिटावर हिकरी स्मोक लिहिलेलं असतं तेच का? मी आजवर समजत होतो की हा एखादा मसाला आहे 😀

खुट्टा

@जिरेमिरे तेच, पण मसाला नाही धूर. हिकरीच्या लाकडाच्या धुरावर बेकन, मांस वगैरे मंद शिजवतात, दक्षिणेकडच्या बार्बेक्यूचा तो ठरलेला वास. दुकानात त्याचे तुकडे पिशवीत मिळतात. आमच्याकडे मी एकदा त्यावर वांगं भाजलं भरताला. बायको म्हणाली चुलीवरचं लागतंय, आणि हे म्हणजे आमच्या घरातलं सर्वोच्च सर्टिफिकेट.

ओवीताई, मी पेनसिल्व्हेनियात असतो आणि शनिवार-रविवार गॅरेजमध्ये सुतारकाम करतो, नोकरी वेगळी आहे, त्यामुळे मी फक्त लाकडाबद्दल बोलणार. तुमच्या गॅरेजमधल्या ज्या हातोडीने सासूबाईंनी ते फोडलं त्या हातोडीचा दांडा लाकडी असेल तर तो बहुतेक हिकरीचाच असणार. इकडे हातोडी, कुऱ्हाड, कुदळ, सगळ्यांचे दांडे हिकरीचे. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते या झाडाइतकं दुसऱ्या कुणाला लागू पडत नसेल, हिकरी तोडायला हिकरीचाच दांडा लागतो.

का हिकरीच, तर नुसतं कठीण लाकूड पुष्कळ आहे जगात. जांका नावाची कठीणपणाची टेस्ट असते, एक पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो ते मोजतात. शॅगबार्कला साधारण १८८० पौंड लागतात, त्या मानाने व्हाइट ओक म्हणजे ज्याचं फर्निचर करतात त्याला १३६० च्या आसपास. पण खरी गंमत कठीणपणात नाहीये, मार खाण्यात आहे. दणका बसला की हे लाकूड थोडं वाकतं, तो दणका पोटात घेतं आणि परत सरळ होतं. त्यामुळे हाताला झिणझिण्या कमी येतात. म्हणून पूर्वी घोडागाडीच्या चाकांचे आरे हिकरीचे, सुरुवातीच्या मोटारींच्या लाकडी चाकांचे आरे पण हिकरीचे, बेसबॉलच्या जुन्या बॅटी (बेब रूथ ज्या वजनदार बॅटी वापरायचा त्या हिकरीच्या), आणि गोल्फच्या काठ्या तर स्टीलच्या येईपर्यंत सगळ्या हिकरी. ड्रम वाजवायच्या काठ्या अजूनही बहुतेक याच्याच असतात. अमेरिकेचा सातवा अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन, त्याचं टोपणनाव ओल्ड हिकरी. १८१३ मध्ये सैन्य घेऊन नॅचेझहून नॅशव्हिलला परत येताना आजारी शिपायांना स्वतःचे घोडे दिले आणि हा पायी चालला, तेव्हा शिपाई म्हणाले हा गडी हिकरीसारखा चिवट आहे. (त्याच जॅक्सनने पुढे तिथल्या मूळ रहिवाशांना, म्हणजे अमेरिकन इंडियन लोकांना, त्यांच्या जमिनीवरून हुसकावायचा कायदा केला, १८३० साली, तेव्हा कौतुक बेताने.)

एक सांगून ठेवतो, दांडा विकत घ्यायला गेलात तर दुकानदार सांगेल पांढराशुभ्र बघून घ्या, तांबूस नको. ते खोटं आहे. बाहेरचं लाकूड पांढरं असतं आणि गाभा तांबडा, पण वजन सारखं असेल तर ताकद सारखीच, मॅडिसनच्या सरकारी लाकूड प्रयोगशाळेने हे कधीच तपासून ठेवलंय. बघायचं ते धागे. दांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जातायत का, मध्येच कडेला बाहेर निघत असतील तर तिथेच तुटणार.

दोष पण आहेत. वाळताना फार आकसतं, वाकडं होतं, आणि उघड्यावर पावसात ठेवलं की पटकन कुजतं. कुंपणाचा खांब याचा कधी करू नये. चुकून झाड पडलंच तर ओंडके सालीसकट पडू देऊ नका, भुंगे आत शिरून पीठ करतात. जळण म्हणून मात्र एक नंबर, निखारा तास तास टिकतो.

ओवी_कोलंबस

बापरे, एवढी माहिती! खूप खूप आभार.

आत्ताच बॅटरी घेऊन बाहेर जाऊन आले (शेजारी काय म्हणत असतील देव जाणे). पाच पानोळ्या. टोकाच्या तीन मोठ्या, सगळ्यात टोकाची तर माझ्या पंजापेक्षा लांब. म्हणजे शॅगबार्क नक्की ना? आणि हातोडीचा दांडा लाकडीच आहे, त्यावर बारीक अक्षरात हिकरी असं छापलेलं आहे!! इतकी वर्षं वापरतोय, कधी वाचलंच नाही.

नवऱ्याला वाचून दाखवलं. तो आता कापायचं म्हणत नाहीये, आता म्हणतो आपण विकत अक्रोड का आणतो.

एक शंका, मराठीत याला काय म्हणतात? सासूबाई विचारतायत, त्यांना कराडला फोन करून सांगायचंय.

डोंगरमाथा

मराठीत नाव असायचं कारण नाही ना, आपल्याकडे ते झाडच नाही. हिकरीच म्हणा. अगदी हौसच असेल तर झिपरा अक्रोड म्हणा, कराडला लगेच कळेल :)

मी इकडे भंडाऱ्याकडचा, वरचं दांड्याचं वाचून लिहावंसं वाटलं. हिकरीची जागा आपल्याकडे धावड्याने घेतलीय असं मला वाटतं. आमच्या आजोबांच्या वेळी कुऱ्हाडीचा दांडा करायचा तर धावडा, नाहीतर तिवस. धावड्याला इंग्रजीत तर नावच आसाचं लाकूड अशा अर्थाचं आहे, बैलगाडीचे आस याचे करायचे म्हणून. तोच गुण, चिवट, दणका सोसणारा. आणि दोष पण तोच, वाळताना तडकतो. फरक एवढाच की धावड्याची साल अंगाबरोबर गुळगुळीत पांढुरकी आणि त्याचं फळ कुणी खात नाही, त्याचा डिंक खातात. डिंकाच्या लाडवाला धावड्याचा डिंक म्हणून जो आग्रह धरतात तो हाच. म्हणजे दोघांनीही एका हाताने दांडा दिला आणि दुसऱ्या हाताने खाऊ.

बाकी चारोळी फोडलीय का कुणी कधी? आमच्याकडे बायका जात्यावर भरडून काढायच्या, वरचं जातं थोडं उचलून. हिकरीला असं काही करता येईल का?

पमाकाकू_टल्सा

जात्याचं माहीत नाही पण उखळाचं आहे, सांगते.

मी ओक्लाहोमात २२ वर्षं राहतेय. इथून तासाभरावर ताहलेक्वा, चेरोकी या मूळ अमेरिकन लोकांची राजधानी. मी ज्या शाळेत काम करायचे तिथली माझी एक मैत्रीण चेरोकी, तिच्या घरी पहिल्यांदा कनुची खाल्लं. हे लोक हिकरीचा गर दाभणाने टोकरत बसत नाहीत. वाळवलेली बियाणी फोडायची, मोठी टरफलं चाळून काढायची आणि उरलेलं सगळं, बारीक टरफलांसकट, लाकडाच्या उखळात कुटायचं. पूर्वी झाडाचा बुंधाच पोखरून उखळ करायचे आणि मुसळ आपल्या उलट, वरचं टोक जाड. कुटता कुटता तेल सुटतं आणि त्याचा लाडू वळता येतो. खरंच लाडू, मुठीएवढा, थंडीत महिनोन् महिने राहायचा, आता फ्रीझरमध्ये ठेवतात. खायच्या वेळी लाडू उकळत्या पाण्यात टाकायचा, विरघळला की गाळून घ्यायचं. टरफल सगळं गाळण्यात राहतं आणि खाली सायीच्या रंगाचं दाट दूध. त्यात मक्याचे शिजवलेले दाणे किंवा भात घालतात, मीठ किंवा साखर ज्याच्या त्याच्या आवडीने. मी पहिला चमचा घेतला आणि म्हटलं अगं ही तर आमची खीरच आहे.

आणि ओवी, तू नाव विचारलंस ना, तर हिकरी हा शब्दच या दुधाचा आहे. झाडाचा नव्हे! व्हर्जिनियात पाउहाटन लोक होते, अल्गॉन्क्वियन भाषा बोलणारे, ते असंच कुटून पाणी घालून पेय करायचे, त्याला पॉकोहिकोरा असं काहीसं म्हणायचे. १७व्या शतकाच्या सुरुवातीला तिथे आलेल्या इंग्रजांनी ते ऐकलं, लिहून घेतलं, आपल्या जिभेला जमेल तसं केलं, मग पुढचं पॉको गळलं, हिकरी उरलं आणि ते झाडाला चिकटलं. म्हणजे उद्या कुणी नारळाच्या झाडाला सोलकढी म्हणायला लागावं तसं. कॅरिया हे शास्त्रीय नाव मात्र ग्रीक, त्यांच्या अक्रोडाच्या झाडाचं नाव उचलून यांना दिलंय. दक्षिणेत काहीजण शॅगबार्कला स्केलीबार्क म्हणतात.

१८व्या शतकात विल्यम बार्ट्रम नावाचा एक झाडपाल्याचा अभ्यासक दक्षिणेत फिरला होता, त्याने क्रीक लोकांच्या एकेका कुटुंबाकडे १०० बुशेलपेक्षा जास्त हिकरीची बियाणी साठवलेली बघितली असं लिहून ठेवलंय. एक बुशेल म्हणजे ३५ लिटरचं माप, करा हिशोब. आपल्याकडे कणगीत ज्वारी असायची तसं ते. आपण याला ड्रायफ्रूट समजतो, त्यांचं ते धान्य होतं. म्हणून वर खुट्टा यांनी जॅक्सनचं कंसात लिहिलं ते बरं केलं. चेरोकी आणि क्रीक इथे ओक्लाहोमात कसे आले ते त्याच कायद्याने, चालत, वाटेत हजारो मेले. माझ्या मैत्रिणीच्या घरात कनुचीचा लाडू करताना तिची आई हे सांगत होती, ओरडून नाही, कुटता कुटता, आपली आजी जात्यावर काही सांगायची त्या आवाजात. असो, विषय लांबला.

सासूबाईंना सांग, पाटा-वरवंटा असेल तर काम होईल.

सावध_गडी

सगळे कौतुक करतायत तर मी जरा वाईटपणा घेतो.

एक, घरात कुणाला अक्रोड किंवा पेकानची अ‍ॅलर्जी असेल तर हे अजिबात नाही, सगळं एकाच घरातलं आहे. लहान मुलं येत असतील तर त्यांच्या आईवडलांना विचारून द्या.

दोन, ओहायोत राहताय म्हणून मुद्दाम, बकाय ओळखायला शिका. तुमच्या राज्याचं झाडच आहे ते. त्याचं बी चॉकलेटी, चकचकीत, गुळगुळीत, एका बाजूला फिकट डाग, दिसायला फार देखणं आणि विषारी. पान काटेसावरीसारखं, पाच बोटं एकाच ठिकाणाहून फुटलेली. हिकरीचं बी मातकट पांढरं, कंगोरेदार. एकदा दोन्ही हातात घेतलं की परत चुकणार नाही, पण पहिल्यांदा चुकतात लोक.

तीन, साल आजारी नाही हे मान्य पण झाड मोठं आहे आणि शेडवर झुकलेलं आहे की नाही ते कुणीतरी बघायला हवं. कापणारा नको, सर्टिफाइड आर्बोरिस्ट म्हणजे झाडांचा डॉक्टर बोलवा, फक्त तपासायचे पैसे द्या, ज्याला कापून फायदा नाही असा माणूस. वाळक्या फांद्या असतील तर तेवढ्याच काढा. आणि त्या पण थंडीत. कारण या सुटलेल्या सालीखाली उन्हाळ्यात वटवाघळं राहतात. इंडियाना बॅट म्हणून एक छोटं वटवाघूळ आहे, अंगठ्याएवढं जेमतेम, १९६७ पासून धोक्यातल्या प्राण्यांच्या सरकारी यादीत. त्याच्या माद्या उन्हाळ्यात अशाच सुट्या सालीखाली एकत्र राहून पिल्लं वाढवतात, वर्षाला एकेकच पिल्लू. मेलेली झाडं त्यांना चालतात पण जिवंत झाडांत शॅगबार्क फार आवडीची. डासकिडे खातात, तुम्हाला काही करत नाहीत. तेव्हा हौसेने त्या पट्ट्या ओढून काढू नका, झाड स्वच्छ दिसावं म्हणून एकाने काढल्याचं मी स्वतः बघितलंय, हसावं का रडावं कळेना.

रानवाटा_मिशिगन

@सावध_गडी वाईटपणा कसला, हे लिहायचंच राहिलं होतं माझं.

आता फोडायचं कसं ते. ओवीताई, पडलेली रोज गोळा करा नाहीतर खारी एक ठेवणार नाहीत. हिरवी फाक हातानेच निघते, हात काळे होतात, जुना ग्लोव्ह घाला. मग सगळी बादलीभर पाण्यात टाका. तरंगतील ती फेका, आत एकतर गर नाही नाहीतर अळी आहे. बुडालेल्यांवर पण नजर टाका, टाचणीने टोचल्यासारखं नाही, चांगलं गोल भोक असेल तर अळी खाऊन बाहेर पडून गेली. भुंग्याची असते ती, पांढरी, बिनपायांची, किळसवाणी पण निरुपद्रवी. उरलेली सावलीत पसरून दोन-तीन आठवडे वाळू द्या. घाई करू नका, ओलं फोडलं की गर कवचाला चिकटून चुरा होतो, वाळलं की गर आकसून सुटतो.

फोडताना पसरट बाजूवर मारायचं नाही. अरुंद कडेवर उभं धरायचं आणि देठाच्या बाजूला थोडं सरकून मारायचं, एकच, नेमका. जमलं तर अर्धी अर्धी पाकळी अख्खी निघते. नाही जमलं तर बोट जातं. मी पक्कड वापरतो धरायला. माझा हिशोब, तासाभरात एक छोटी वाटी, तेही रेडिओ चालू असेल तर. १०० ग्रॅम गरात ६४ ग्रॅम चरबी आणि साडेसहाशेच्या वर कॅलरी, त्यामुळे एक वाटी पुरते. गर फ्रीझरमध्येच ठेवा, तेल जास्त म्हणून बाहेर लवकर खवट होतो.

आणि दरवर्षी एवढी मिळतील अशी आशा नको. एखाद्या वर्षी भरभरून, मग एक-दोन वर्षं नावाला.

जिरेमिरे

आता मला पण लावायचंय. कुंडीत येईल का?

रानवाटा_मिशिगन

@जिरेमिरे कुंडीत नको. बी पेरलं की आधी खाली सोटमूळ सोडतं, पहिल्या वर्षी वर वीतभर रोप दिसतं आणि खाली फूट-दीड फूट मूळ गेलेलं असतं. म्हणून उपटून दुसरीकडे लावली की रुसतात. बी तीन-चार महिने ओल्या वाळूत फ्रिजमध्ये ठेवून मग थेट जमिनीत, वर जाळी, नाहीतर खारी उकरतात. आणि फळ कधी धरेल ते विचारू नका.

जिरेमिरे

विचारलं. कधी?

रानवाटा_मिशिगन

साधारण ४० वर्षं.

जिरेमिरे

बरं. मी ओवीताईंकडेच येतो.

ओवी_कोलंबस

सगळ्यांना परत एकदा धन्यवाद, महिन्याने अपडेट देतेय.

आर्बोरिस्ट बाई येऊन गेल्या. खोडाला हातोडीने ठोकून कान लावून बघितलं, मुळाशी माती उकरली, म्हणाल्या झाड ठणठणीत आहे, शेडच्या बाजूची वरची एक फांदी वाळलेली आहे तेवढी काढा. ती परवा काढली. झाड आता सगळं पिवळंजर्द झालंय, सकाळी स्वयंपाकघरात त्याचा उजेड पडतो, खरंच लाइट लावल्यासारखा.

बियाणी दोन बादल्या गोळा झाल्या, त्यातली पाऊण बादली तरंगली. कडेवर उभं धरून मारायची ट्रिक मला काही जमली नाही, सासूबाईंना तिसऱ्या फटक्यात जमली. त्यांनी सुपारी फोडल्यासारखं एका लयीत काम लावलं, दुपारच्या तीन तासांत दीड वाटी अख्खा गर. मी आपली चुऱ्याची मालकीण.

मग पमाकाकूंचं वाचून दाखवल्यावर त्या म्हणाल्या, अगं हे तर नारळाचं दूध काढतो तसंच, मग एवढं टोकरत कशाला बसायचं. पाटा-वरवंटा इथे नाही, लोखंडी खलबत्ता होता, उखळाच्या मानाने फारच लहान, त्यात चार-पाच हप्ते करून टरफलांसकट कुटलं. लाडू वळला जाईना, फुटत होता, पण हात तेलकट झाले. तो भुगा पातेलंभर पाण्यात घालून मंद आचेवर अर्धा-पाऊण तास ठेवला. वर तेलाचे पिवळे थेंब आले, घरभर वास, भाजलेल्या दाण्यांचा आणि थोडा गुळाचा असा काहीतरी. मलमलच्या फडक्यातून गाळलं. पहिल्या वेळी फडकं एकपदरी घेतलं तर तळाला रवाळ टरफल राहिलं, दुसऱ्या वेळी दुपदरी. दूध काजूच्या दुधापेक्षा दाट. त्यात शेवया, साखर, वेलची. नवरा दोन वाट्या खाऊन मग विचारतो कशाची खीर. तळ मात्र ढवळू नका कुणी, शेवटचा घास करकरतो, सासूबाई प्रत्येकाला वाटी देताना दात सांभाळा म्हणत होत्या.

पमाकाकू, पुढच्या वेळी मक्याचे दाणे घालून करणार. तुमच्या मैत्रिणीला विचाराल का की लाडू वळायला नेमकं किती कुटायचं?

पमाकाकू_टल्सा

विचारलं. ती म्हणाली, हात दुखायला लागले की अजून तेवढंच.

आणि आधी बी थोडं गरम करून घे म्हणाली, उन्हात किंवा ओव्हनमध्ये अगदी कमी आचेवर, तेल लवकर सुटतं.

खुट्टा

ती वाळकी फांदी काय केली?? किती जाड आहे?

ओवी_कोलंबस

मांडीएवढी जाड, आठ-नऊ फूट. गॅरेजच्या मागे पडलीय. हवीय का तुम्हाला?

खुट्टा

हवीय म्हणजे काय, थँक्सगिव्हिंगला मी बहिणीकडे क्लीव्हलंडला येतोय, तिथून खाली तुमच्याकडे येऊन घेऊन जाईन. तोवर एक काम करा, जमिनीवरून उचलून दोन विटांवर ठेवा, साल काढा आणि दोन्ही कापलेल्या टोकांना कुठलाही उरलेला रंग फासा, म्हणजे चिरणार नाही. झाडावरच किती दिवस वाळली त्यावर आहे, आतून कुजली नसेल तर दोन दांडे निघतील. एक तुम्हाला.

ओवी_कोलंबस

चालेल, या नक्की, खीर करते.

साल काढायला मात्र उशीर झाला, सासूबाईंनी कालच काढली. त्या फांदीकडे दोन दिवस बघत होत्या, म्हणाल्या एवढं चांगलं जळण आणि तुमच्याकडे साधा बंब नाही.